मे महिन्यातली शॉर्टब्रेड

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मे महिन्यात लोणी ओट्यावरच वितळतं. त्यामुळे स्कॉटिश शॉर्टब्रेडच्या, म्हणजे लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांच्या, वड्या ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटायच्या. प्रमाण बरोबर होतं: वजनाने साखर 1, लोणी 2, मैदा 3 भाग. बिघडवत होती ती गर्मी.

मग घरच्या लोण्यातलं ताकाचं पाणी दाबून दाबून काढलं. मैद्याचा चौथा हिस्सा कमी करून तांदळाचं पीठ घातलं. खुसखुशीतपणासाठी स्कॉटलंडातही ते घालतात, अन् आमच्याकडे धानाला काय तोटा! पहाटेच मळलं, वड्या कापून काट्याने टोचल्या, ताटासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या आणि गारच्या गार 160 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवल्या. कडा जेमतेम बदामी झाल्या की काढल्या. टोचलेलं एकेक भोक शाबूत! गरम असताना मात्र उचलू नका, मोडतात.