परदेशी स्थायिक होताना देशांच्या स्वातंत्र्याची तुलना: या चुका टाळा

परदेशी जायचं ठरलं की पगार, घरभाडं, शाळा यांच्या जोडीला हल्ली आणखी एक प्रश्न घरोघरी निघतो: तिथे मोकळेपणाने जगता येईल ना? मग कुणीतरी जागतिक क्रमवारी उघडतं, वरचे दहा देश उतरवून घेतं आणि त्यातला एक निवडायला बसतं. गडबड इथूनच सुरू होते.

क्रमांक बघितला, साल बघितलं नाही

'ह्यूमन फ्रीडम इंडेक्स' हा स्वातंत्र्याचा निर्देशांक देशांना 0 ते 10 गुण देतो, पण त्यातली माहिती साधारण दोन वर्षं जुनी असते. डिसेंबर 2020 च्या अहवालात हाँगकाँग तिसरं होतं, कारण आकडे 2018 चे होते. प्रत्यक्षात 30 जून 2020 पासून तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू होऊन धरपकड सुरू झाली होती. शिवाय या निर्देशांकात आर्थिक स्वातंत्र्यही मोजतात, त्यामुळे कमी कर असलेला देश वर सरकतो. देशोदेशीचं स्वातंत्र्य मोजणाऱ्या 'फ्रीडम हाउस' या अमेरिकी संस्थेच्या 100 गुणांपैकी 40 राजकीय हक्कांचे आणि 60 नागरी स्वातंत्र्याचे. नव्याने गेलेल्या माणसाला सहसा संसदेसाठी मत देता येत नाही, म्हणून आधी तो 60 गुणांचा भाग वाचा.

सगळ्या घरासाठी एकच उत्तर धरलं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आयर्लंड 2012 सालीही 'मुक्त' देशांच्याच गटात होता. त्या वर्षी बेळगावची सविता हलप्पनवार ही 31 वर्षांची दंतवैद्य गॉलवेच्या रुग्णालयात होती. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं. तिने गर्भपात मागितला, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू होते म्हणून तो नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. मे 2018 च्या सार्वमतानंतर तिथला कायदा बदलला. पण नोकरीच्या ओढीने तिथे गेलेल्या किती कुटुंबांनी निघण्याआधी हा कायदा वाचला असेल? अमेरिकेत 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हेच नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. त्यामुळे ऑफर टेक्सासची आहे की कॅलिफोर्नियाची, याने घरातल्या बाईच्या आयुष्यात फरक पडतो. बायको, मुलगी, वयात येणारा मुलगा, सोबत येणारी आई, प्रत्येकाचा वेगळा विचार करा.

मुलाचं उदाहरण सिंगापूरचं. तिथलं कायमचं निवासित्व घेतलं की नोकरीसाठी आलेल्या पहिल्या पिढीला सक्तीच्या राष्ट्रीय सेवेतून (लष्कर, पोलीस वगैरेंतल्या) सहसा सूट असते. पण आईवडिलांबरोबर निवासित्व मिळालेल्या मुलाला ही सेवा करावी लागते. ती टाळून निवासित्व सोडलं, तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला जाणं अवघड होतं. मूल लहान असताना याचा विचार कुणी करत नाही.

नागरिकाचे हक्क आपलेच समजलो

क्रमवारी बहुतांशी नागरिकांचं आयुष्य मोजते. तुम्ही जाणार व्हिसावर. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत दुसरी सोय लावावी लागते. अशा वेळी साहेबाला 'नाही' म्हणण्याचं स्वातंत्र्य किती उरतं, याचा अंदाज घ्या. एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला नोकरी लगेच करता येईलच असं नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्ड प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचल्याशिवाय सहसा परवानगी मिळत नाही.

मोठे हक्क पाहिले, रोजच्या सवयी राहून गेल्या

अनारशांवर लावायची खसखस दुबईला नेता येत नाही. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या नियमांत येते. कोडीन असलेल्या औषधांना आधी मंजुरी लागते. व्हॉट्सॲपवरून गावी फोन लागत नाही. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ग्रुपवर वर्गणी गोळा करणंही अडचणीचं, कारण 2021 च्या कायद्याने देणग्या जमवण्याचा अधिकार फक्त परवानाधारक संस्थांना आहे. उलट बाजूने स्वीडनमध्ये 1979 पासून मुलाला चापट मारणंही कायद्याने बंद आहे. तिथे मुलाचं स्वातंत्र्यही मोजतात, आणि ते मला योग्यच वाटतं.

'कसं आहे तिकडे?' असं विचारलं

याचं उत्तर 'छान आहे' असंच येतं. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना नेमकं विचारा: नोकरी बदलताना काय झालं? बायकोच्या नावावर बँक खातं, घराचा करार झाला का? पोलिसात तक्रार करायची वेळ आली तेव्हा काय अनुभव आला? हेच प्रश्न तिथे काही वर्षं काढलेल्या बाईलाही स्वतंत्रपणे विचारा, नवरा शेजारी नसताना. मग त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम स्वतः वाचा.

परतीची वाट तपासली नाही

कुवेतमध्ये 1 जुलै 2025 पासून खासगी नोकरीतल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर पडण्यासाठी मालकाची मंजुरी लागते. अमिरातीत थकलेल्या कर्जाचं प्रकरण न्यायालयात गेलं तर प्रवासबंदी लागू शकते. घरी कुणी अत्यवस्थ असलं तर किती तासांत निघता येईल, कुणाची सही लागेल, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात असेल, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.