जिन्यातलं शून्य गुरुत्व

पोरांनो, तुमची इंधनटाकी अंतराळात कशी वागेल ते आधी जिन्यात बघा. पडणाऱ्या पेटीत सगळं एकदमच पडतं, म्हणून आत वजन जाणवत नाही; पाच मीटरवरून पडणारी पेटी असं शून्य गुरुत्व जेमतेम एक सेकंद देते. पडताना हवा अडवते, म्हणून पेटीत पेटी टांगायची: हवेचा मार बाहेरचीला, आतली मोकळी पडते. आतलीच्या खाली वीतभर मोकळी जागा हवीच. दोघींचे दोरे वेगळे, पण एकाच कात्रीने एकदम कापायचे. आतल्या पेटीत टाकीच्या जागी अर्धी भरलेली, रंगीत पाण्याची बाटली आणि स्लो मोशनवर मोबाईल. खाली जाड गादी, आणि माणसं दूर ठेवायला एकजण. (सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा.)

पाणी भिंतीवर चढताना दिसलं की पुढचा विचार. जर्मनीत ब्रेमेनला असे प्रयोग वरून खाली सोडायचा मनोरा आहे, १४६ मीटर उंच. त्यातल्या निर्वात नळीत शून्य गुरुत्वाचे ४.७४ सेकंद मिळतात. पण थांबताना जबर हिसका बसतो, म्हणून टाकीचे स्क्रू आत्ताच घट्ट करा.