देहबोलीचं नाटक बसवताय? आधी फरशीवर टेप लावा

पाच-सहा जणांचं, शब्द कमी आणि शरीर जास्त असं नाटक बसवायचं असेल, तर संहितेआधी जागा मोजा. प्रयोग १५ बाय २० फुटांत होणार असेल, तर तालमीच्या हॉलमध्ये तेवढाच चौकोन रंगीत टेपने आखा. आम्ही एकदा शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये महिनाभर तालमी केल्या आणि प्रयोगाला एकाची लाथ थेट विंगेत!

प्रकाशयोजना, संगीत आणि नेपथ्य करणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात बोलवा, शेवटच्या चार दिवसांत नको. नटांना एकच वस्तू द्या, समजा नऊवारी लुगडं. त्याची नदी होते, झोळी होते, फास होतो. वीस मिनिटं नटांना खेळू द्या, मोबाईल स्टँडवर लावून सगळं चित्रित करा. संगीतकाराने तिथेच ढोलकीवर ठेका धरला, तर हालचालीला आपोआप श्वास मिळतो. मग सगळ्यांनी मिळून चित्रीकरण बघायचं आणि फक्त तीन तुकडे ठेवायचे. बाकीचं कितीही गोड वाटलं तरी सोडा. (इथेच भांडणं होतात. शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच ठरवून घ्या.)

ठेवलेल्या तुकड्यांना नावं द्या: 'नदी', 'झोळी'. कितव्या आकड्याला कोणती हालचाल, हे वहीत उतरवा, नाहीतर आठवड्याने कुणालाच आठवत नाही.

नेपथ्याला पैसे नसतील तर माणसंच उभी करा. १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नटांच्या रांगेचीच भिंत झाली होती.

आणि उचलाउचलीच्या तालमीला खाली गाद्या हव्यातच, सतरंजी नव्हे.