सहा खुर्च्या, नव्वद मिनिटं: आधारगट कसा चालवावा

घरातलं माणूस जातं, नोकरी सुटते, आजाराचं निदान होतं. पहिले काही दिवस फोन थांबत नाहीत. मग लोक आपापल्या कामाला लागतात आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते. आधारगटाची गरज तेव्हा पडते.

माणसं पाच ते आठ असावीत. चारच असतील आणि दोघं आले नाहीत, तर बैठक मोडते. आठांच्या वर गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला फार कमी वेळ येतो आणि त्यात कुणीच मोकळं होत नाही. आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच वेळ. मुदत आधीच सांगावी, आठ आठवडे पुरे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचा) अभ्यासक्रमही आज आठ आठवड्यांचाच असतो. शेवट ठाऊक असला की कोलमडलेला माणूससुद्धा यायला तयार होतो.

सहा जणांसाठी नव्वद मिनिटांची विभागणी अशी करता येते: दहा मिनिटं शांत बसणं, साधारण पन्नास मिनिटं बोलण्याची फेरी, वीस मिनिटं मोकळ्या गप्पा, शेवटची दहा आवरायला.

शांत बसण्यासाठी मांडी घालायची गरज नाही, खुर्ची चालते. पाय जमिनीला टेकलेले, नजर समोर जमिनीवर. डोळे मिटायची सक्ती नको. पहिली दोन मिनिटं लक्ष फक्त तळपायांवर ठेवायचं: टाच, चवडा, बोटं. मग चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. मन भरकटणारच. ते भरकटलंय हे लक्षात आलं की पुन्हा तळपायांकडे यायचं, एवढाच सराव.

इथे एक चूक हमखास होते. मोठा धक्का बसलेल्या किंवा एकाएकी घाबरं होणाऱ्या माणसाला श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं, तर काहींची घबराट उलट वाढते. छातीत धडधड, हात गार. ‘थोडा वेळ सहन करा’ असं म्हणू नये. डोळे उघडायला सांगावं, खोलीतले तीन आवाज ओळखायला सांगावेत, हातात काहीतरी धरायला द्यावं. उठून बाहेर जाण्याची मुभा सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिलेली असावी.

फेरीत प्रत्येकाला सात मिनिटं आणि त्यानंतर एक मिनिट शांतता. घड्याळ शेजारच्याच्या हातात द्यावं, नाहीतर एकच जण अर्धा तास बोलतो आणि त्याला थांबवायचं कुणी, हा प्रश्न उरतो. बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणावं, कारण विचारायचं नाही. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण सल्ला जिभेच्या टोकावरच असतो. कुणी म्हणालं, ‘आई गेल्यापासून तिच्या खोलीचं दार उघडलं नाही,’ तर ‘उघडून टाका, बरं वाटेल’ हे उत्तर त्या माणसाचं तोंड बंद करतं. गप्प राहावं. अगदीच बोलायचं तर, ‘अजून उघडावंसं वाटत नाही, असंच ना?’ एवढं पुरे. ‘निदान त्रास तरी संपला’ हे वाक्य तर गटाबाहेरच ठेवावं. कुणाचं दुःख मोठं, याची तुलनाही नको.

रडू आलं की लगेच रुमाल पुढे करायचा मोह होतो. त्याचा अर्थ समोरचा ‘आता आवरा’ असा घेऊ शकतो. कागदी रुमालांचा डबा मधोमध ठेवावा, ज्याला हवा तो घेईल.

इथलं बोलणं इथेच राहील, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला म्हणायचं, आठव्या आठवड्यातही. अपवाद एकच: जिवाला धोका. जगणं नको झाल्याचं कुणी सुचवलं, तर बाजूला घेऊन सरळ विचारावं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा तातडीची सेवा गाठावी. गट म्हणजे उपचार नव्हे आणि चालू असलेली औषधं गटाच्या जोरावर बंद करायची नसतात.

चालवणाराही थकतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी जबाबदारी बदलावी. मोबाइलवरचा ग्रुप फक्त वेळ कळवण्यापुरता ठेवावा. मध्यरात्री तिथे कुणी मन मोकळं केलं आणि सकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तर ते फार लागतं.

कुणी सलग दोनदा आलं नाही, तर एकाने फोन करावा. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नये. ‘तुमची खुर्ची ठेवली आहे’ एवढं सांगून फोन ठेवावा.