‘मॅश’ दाखवायचाय? आधी आवाज जुळवा

रॉबर्ट ऑल्टमनचा ‘मॅश’ (१९७०), म्हणजे युद्धातल्या लष्करी इस्पितळावरचा विनोदी चित्रपट, फिल्म क्लबमध्ये फसतो तो बहुतेक वेळा आवाजामुळे. शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती चार-पाच माणसं एकदम बोलतात, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि विनोद त्या गलक्यातच असतो. घुमणाऱ्या सभागृहात त्याचा नुसता कालवा होतो.

मूळ ध्वनिपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे. डिस्कवर मोनो आणि स्टिरिओ असे दोन्ही पर्याय असतील तर मोनो निवडा. अँप्लिफायरवरचे ‘हॉल’, ‘सराउंड’ वगैरे परिणाम बंद करा. भिंतींवर विखुरलेल्या सहा स्पीकरांपेक्षा पडद्याच्या मध्याजवळ, बसलेल्याच्या कानापेक्षा जरा वर ठेवलेला एक चांगला स्पीकर बरा. १०० हर्ट्झखालचा खर्ज उतरवा, २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा २-३ डेसिबलनं चढवा. व्यंजनं तिथंच स्पष्ट होतात. फरशी उघडी असेल तर सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. माणसं भरली की आवाज दबतो, तेवढी वाढवायची जागा ठेवा.

चाचणीला इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्लेक आणि त्याचा कारकून रडार यांचा प्रसंग घ्या. कर्नल हुकूम सोडत असतो आणि रडार तेच हुकूम त्याच्या बोलण्यावर, कधी त्याच्याही आधी, उच्चारत असतो. शेवटच्या रांगेत दोघांचे आवाज वेगवेगळे ओळखू आले तर जमलं. इंग्रजी सबटायटल्स लावाच, पण गलक्यातली एक-दोनच वाक्यं त्यांत सापडतात हे प्रेक्षकांना आधी सांगा. नाहीतर लोक वाचत बसतात आणि फ्रेमच्या कोपऱ्यातली गंमत हुकते.

चित्राची रुंदी-उंची २.३५:१ आहे. १० फूट रुंद पडद्यावर ते जेमतेम सव्वाचार फूट उंच दिसतं. खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर नसेल तर पुढच्यांची डोकी सबटायटल्स झाकतात. चित्र धूसर दिसलं की प्रोजेक्टरवाला शार्पनेस आणि काँट्रास्ट वाढवायला धावतो. त्याला थांबवा. ऑल्टमननं फॉग फिल्टर (चित्र धुकट करणारी काच) लावूनच हे चित्रण करवून घेतलं आहे. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, हीही बंद हवी.

प्रत तपासा. पूर्ण लांबी ११६ मिनिटं. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर सुमारे १११ दिसली तर घाबरू नका, तिथं सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५च्या वेगानं धावतो. १९७३ला सौम्य प्रमाणपत्रासाठी कापून पुन्हा प्रदर्शित केलेली आवृत्ती मात्र टाळा. डिस्क विकत घेतली म्हणजे सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही; परवानगी हक्कधारकाकडून वेगळी घ्यावी लागते.

प्रास्ताविक पाच मिनिटांत आटपा. काळ कोरियन युद्धाचा, १९५१चा. पण चित्रपट आला तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं. रिचर्ड हूकर या टोपणनावानं १९६८ला आलेल्या कादंबरीवरून रिंग लार्डनर ज्युनिअरनं पटकथा लिहिली आणि ऑस्कर मिळवलं. नायक सक्तीच्या भरतीतून आलेले सर्जन आहेत, पेशाचे सैनिक नव्हेत. हे कळल्याशिवाय त्यांचा उद्धटपणा नुसता टारगटपणा वाटतो. आपल्याकडच्या प्रेक्षकांना आणखी एक धागा देता येतो: भारताचं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली त्याच युद्धात होतं.

शेवटाकडच्या फुटबॉल सामन्याला एक वाक्य राखून ठेवा: हा अमेरिकन फुटबॉल, १० यार्ड पुढं सरकायला चार संधी. एवढं न सांगितल्यास चित्रपटाचा सगळ्यात मोठा दंगा थंड जातो. मुलांना आणू नका. शीर्षकगीतच आत्महत्येवर आहे.

मध्यंतर मुळात नाही. द्यायचंच असेल तर दंतवैद्याच्या निरोपाच्या जेवणाचा प्रसंग पूर्ण झाल्यावर द्या. कथा सुट्या प्रसंगांची असल्यानं तिथं काही तुटत नाही. लगेच नंतर हॉट लिप्स या टोपणनावाच्या मुख्य परिचारिकेच्या स्नानाचा प्रसंग येतो. तो बाईची क्रूर टिंगल आहे आणि आज बऱ्याच जणांना खुपतो. चित्रपटानंतरची चर्चा त्या प्रसंगापासूनच सुरू करा, म्हणजे ‘त्या काळी असंच होतं’ या सबबीत ती विरत नाही.

शेवटी छावणीचा भोंगा हाच चित्रपट आणि त्यातल्या कलाकारांची नावं जाहीर करतो. ते संपेपर्यंत दिवे लावू नका.