पार्व्होनंतर घर असं धुतलं

पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातून पिल्लू वाचलं, पण विषाणू घरातच होता. फिनाईलने फरशीला वास येतो, पार्व्हो मरत नाही. त्याला ब्लीचसारखं जंतुनाशक लागतं. आधी साबणाने सगळी घाण खरवडून काढली, कारण मळावर ब्लीचचा जोर चालत नाही. मग १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी घेतलं, खिडक्या उघड्या टाकल्या आणि फरशी १० मिनिटं ओली ठेवली. (ब्लीचमध्ये ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.) गोधडी, दोरीची खेळणी सरळ फेकली. अंगणातल्या मातीला मात्र ब्लीच पुरत नाही. तिथे विषाणू वर्षभरही टिकू शकतो. म्हणून शेजारच्या पिल्लाला लसीचे सगळे डोस होईपर्यंत फाटकाबाहेरच ठेवायला सांगितलं. शेजारीणबाई रुसल्या. रुसू देत.