बर्फात भोक पाडायचंय? ड्रिल घेण्याआधीची तयारी

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बर्फात भोक पाडतो तो मळसूत्री बर्मा म्हणजे ऑगर, आणि त्याला फिरवतं ते ड्रिल. आधी लगीन ऑगरचं, ड्रिलचं नंतर. बहुतेकजण उलट करतात. सेलमध्ये तगडं दिसणारं कॉर्डलेस ड्रिल उचलतात आणि मग त्याला कुठला ऑगर बसेल ते शोधत बसतात. गोठलेल्या तळ्यावर ड्रिलला किती कष्ट पडणार हे ठरवतो तो ऑगर: त्याचा व्यास, त्याची पाती, त्याचं वजन. म्हणून कागद-पेन घ्या आणि पहिल्या ओळीत लिहा की मासा कोणता धरायचाय आणि बर्फ साधारण किती जाड असतो.

पर्च किंवा तेवढेच छोटे मासे असतील तर ६ इंची भोक भरपूर झालं. वॉलआय, मध्यम पाइक अशा मोठ्या माशांसाठी ८ इंची सोयीचं पडतं. ६ आणि ८ यांत फरक फक्त दोन इंचांचा वाटतो, पण कापायचा बर्फ व्यासाच्या वर्गाने वाढतो. ६ इंची भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, ८ इंचीचं ५० आणि १० इंचीचं ७८. म्हणजे ८ इंची भोकात पावणेदोन पटीहून थोडा जास्त बर्फ, १० इंचीत पावणेतीन पट. तेवढी बॅटरी जास्त जाणार आणि तेवढाच मनगटावर ताण येणार. मोठ्या लेक ट्राउटसाठी १० इंचीच हवं असेल, तर ड्रिलचा नाद सोडा आणि ४० व्होल्टचा स्वतंत्र इलेक्ट्रिक ऑगर बघा. ड्रिलवर १० इंची फिरवणारे हौशी आहेत, पण हौसेला मोल नसतं आणि गिअरबॉक्सला असतं. मला विचाराल तर पहिला ऑगर ६ इंचीच घ्या. मोठा मासा भोकात अडकेल ही धास्ती नवख्यांना फार असते, प्रत्यक्षात ती वेळ क्वचित येते.

ऑगर बघताना तो ड्रिलसाठीच बनवलेला आहे ना, हे आधी विचारा. एस्किमोचा पिस्टल बिट, स्ट्राइकमास्टरचा लाइट-फ्लाइट लेझर, के-ड्रिल हे त्या जातीचे. लाइट-फ्लाइटची मळसूत्री पट्टी प्लास्टिक-कॉम्पोझिटची असते, त्यामुळे वजन कमी. पात्यांचे दोन प्रकार आहेत. पातळ धारदार पाती बर्फ सोलून काढतात. ती नव्या, कोऱ्या बर्फात झरझर उतरतात, पण काल पाडलेलं आणि रात्रीतून पुन्हा गोठलेलं भोक उघडायला गेलं की कडेला अडकतात आणि हिसका देतात. दातेरी, ठोकर देत कापणारी पाती (के-ड्रिलवर अशी असतात) जुनी भोकं उघडायला बरी आणि थोडी वाळू-माती लागली तरी लगेच बोथट होत नाहीत. रोज तीच भोकं उघडायची असतील तर दातेरी, फिरून मासे शोधायचे असतील तर सोलणारी, एवढा हिशेब पुरे. घरी ठेवलेल्या हाती ऑगरला अडॅप्टर लावूनही ड्रिल जोडता येतं. मात्र अडॅप्टर नेमका त्याच मॉडेलचा हवा आणि त्याच्या पिना-बोल्ट सैल नकोत.

आता ड्रिल. घरात आधीच एखाद्या कंपनीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि चार्जर असतील, तर त्याच घराण्यातलं वरच्या दर्जाचं ड्रिल घ्या. खर्चाचा मोठा भाग बॅटऱ्यांचाच असतो. १८ आणि २० व्होल्टच्या पाट्यांनी गोंधळू नका. दोन्हीत लिथियमच्या पाच सेल एकापुढे एक जोडलेल्या असतात. चार्ज पूर्ण भरलेला असताना सेलमागे सुमारे ४ व्होल्ट, म्हणून २०. कामाच्या वेळी सरासरी ३.६, म्हणून १८. वस्तू एकच. १२ व्होल्टचं छोटं ड्रिल मात्र घरीच राहू द्या. मोटर ब्रशलेस हवी, यावर तडजोड नको. तेवढ्याच चार्जमध्ये ती जास्त काम करते, कमी तापते आणि झिजायला तिच्यात कार्बन ब्रश नसतात.

मग येतो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि इथेच घोडं पेंड खातं. ६ इंची ऑगरला निदान ८० न्यूटन-मीटर धरा. अमेरिकी खोक्यावर हाच आकडा इंच-पाउंडमध्ये ७०० च्या जरा वर दिसेल. ८ इंचीला १०० च्या वर गेलेलं बरं. वरच्या टोकाची ड्रिल्स यापेक्षा बरीच पुढे आहेत: मकिटाचं एक्सपीएच-१४ हे १,२५० इंच-पाउंडचं, म्हणजे सुमारे १४० न्यूटन-मीटर; मिलवॉकीचं एम-१८ फ्युएल २९०४ हे १,४०० इंच-पाउंडचं, म्हणजे सुमारे १५८. डिवॉल्टच्या अमेरिकी खोक्यांवर बऱ्याचदा टॉर्कऐवजी ‘युनिट वॉट्स आउट’ असा वेगळाच आकडा छापलेला असतो. तो शक्तीचा आकडा आहे, टॉर्कशी त्याची तुलना करत बसू नका.

मोठा आकडा बघून खूश होण्याआधी तो आकडा कुणाच्या हातावर उतरणार ते बघा. पातं बर्फात अडकलं की ऑगर थांबतो आणि ड्रिल फिरायला लागतं. समजा त्या क्षणी १०० न्यूटन-मीटर जोर आहे. ड्रिलची मूठ चकच्या (ऑगरचा दांडा पकडणाऱ्या जबड्याच्या) अक्षापासून जेमतेम १० सेंटिमीटरवर असते, म्हणजे एका हाताने धरलं असेल तर त्या हाताला १,००० न्यूटन, सुमारे १०० किलो वजनाएवढा जोर थोपवावा लागतो. तो थोपत नाही, मनगट पिळवटतं. तेच २५ सेंटिमीटर लांबीच्या बाजूच्या हँडलचं टोक पकडलं, तर जोर ४०० न्यूटनवर, सुमारे ४० किलोवर येतो. म्हणून यादीत ठळक अक्षरांत लिहा: बाजूचं हँडल. ते खोक्यात आहे का हे दुकानात उघडून बघा, कारण स्वस्त मॉडेलमधून सगळ्यात आधी तेच गायब होतं. शिवाय अचानक गिरकी जाणवली की मोटर आपोआप बंद करणारी सोय काही ड्रिल्समध्ये असते. बॉशमध्ये तिला ‘किकबॅक कंट्रोल’ म्हणतात, मिलवॉकीत ‘ऑटोस्टॉप’. दोन ड्रिल्समध्ये अडला असाल, तर वीस न्यूटन-मीटर जास्त असलेलं नको, ही सोय असलेलं घ्या.

चक अर्ध्या इंचाचा आणि धातूचा असावा. तीन-अष्टमांश इंची प्लास्टिकच्या चकवर हे काम टाकू नका. ऑगर चकमध्ये बसवून हाताने करकचून आवळा, पहिलं भोक पाडून झालं की पुन्हा आवळा. धातू गारठला की पकड सैल झालेली आढळते. आणि एक गोष्ट विसरूच नका. चक सुटला तर लोखंडी ऑगर भोकातून थेट तळाशी जातो, तुम्ही रिकामं ड्रिल हातात घेऊन बघत राहता. यावर दोन उपाय आहेत. ऑगरच्या दांड्यावर भोकापेक्षा मोठी चकती बसवायची, म्हणजे तो कडेवर अडून राहतो. किंवा मुळात तरंगणारा ऑगर घ्यायचा. बर्फाचा लगदा झटकायला ड्रिल उलटं फिरवायची सवय अनेकांना असते. बिनचावीच्या चकवर असं केलं की जबडे सैल पडू शकतात, तेव्हा भोकाच्या वर धरून तरी ते करू नका.

गिअर पहिला, म्हणजे मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे. दुसऱ्या गिअरला २,००० च्या आसपास वेग मिळतो, पण जोर कमी पडतो आणि मोटर तापते. क्लचची (ठरावीक जोरानंतर घसरणारी) कडी आकड्यांवर नको, ड्रिलच्या चिन्हावर हवी, नाहीतर ती कडकड करत घसरत राहील आणि ड्रिलच खराब आहे असं वाटेल. हॅमरवालं ड्रिल असेल तर हॅमर बंद. बर्फाला ठोके देऊन काही मिळत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर तर नकोच. त्याचा जोर ठोक्याठोक्याने येतो, तो स्क्रूसाठी आहे.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण थंडीत हिरमोड होतो तो बहुधा तिच्यामुळे. गारठ्यात लिथियम सेलचा अंतर्गत विरोध वाढतो. ट्रिगर दाबताच व्होल्टेज कोसळतं, आतल्या सर्किटला वाटतं बॅटरी संपली आणि ते पुरवठा तोडतं. पॅकवरचे दिवे तीन दाखवत असतात आणि ड्रिल मात्र ढिम्म! २ अँपिअर-अवरच्या (हे बॅटरीच्या साठ्याचं माप) पॅकमध्ये साधारणपणे सेलची एकच रांग असते, सगळा प्रवाह तिच्यातूनच जातो. ५ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये बहुधा दोन रांगा असतात, त्यामुळे प्रत्येक सेलवरचा भार निम्मा. म्हणून मोठी बॅटरी जास्त वेळ चालते एवढंच नाही, ती थंडीत सहजी कोलमडतही नाही. १८ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-तास. असे दोन पॅक ठेवा. आणखी मोठा पॅक घेतलात तर हातातलं वजनही वाढतं, हे लक्षात असू द्या.

एक पॅक ड्रिलमध्ये, दुसरा जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. जास्त पॅक असतील तर छोट्या थर्मो-बॉक्समध्ये कोमट पाण्याच्या बाटलीसोबत ठेवा; पाणी गळणार नाही एवढं बघा. रात्री गाडीत राहिलेला पॅक सकाळी थेट चार्जरवर चढवू नका. शून्य अंशाखाली चार्ज केलं की लिथियम ऋणाग्रावर धातूच्या रूपात साचतं आणि सेल कायमची दुखावते. चांगले चार्जर गार पॅक घ्यायला नकार देतात. तो बिघाड नव्हे, शहाणपणा आहे. एका चार्जमध्ये किती भोकं पडतील हे खोक्यावर वाचू नका, स्वतः मोजा. भोकांची संख्या न मोजता बर्फाचे इंच मोजा. दहा भोकं गुणिले पंधरा इंच म्हणजे दीडशे इंच. तुमच्या ऑगरला, तुमच्या थंडीत एक पॅक किती इंच जातो हे एकदा कळलं, की पुढच्या खेपेला किती पॅक न्यायचे ते आपसूक ठरतं.

लांबीही बघून घ्या. बर्फ ऑगरच्या कामाच्या लांबीच्या जवळ जात असेल, तर जोडदांडी आधीच आणून ठेवा. ती लावली की तोल बदलतो, दोन्ही हातांनी धरणं आणखी गरजेचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं एकत्र जोडून बघा, तेही जाड हातमोजे घालून. ट्रिगरच्या कोंदणात मोज्यासकट बोट शिरतं का? पुढे-मागे करायचं बटण मोज्यात लागतं का? पात्यांवर टोपण आहे ना, ते बोटांसाठीही आणि धारेसाठीही. पिशवीत बर्फ उपसायची झारी, पाती आवळायचा पाना, जादा पात्यांचा जोड, कोरडं फडकं आणि ड्रिलवर टाकायला पाणी न झिरपणारी पिशवी टाका. हे ड्रिल पाण्यासाठी बनवलेलं नाही आणि भोकातून ऑगर वर खेचला की लगदा नेमका त्याच्याच दिशेने उडतो.

तळ्यावर पाऊल टाकण्याआधी मात्र ड्रिल पाठीवरच राहू द्या, हातात बर्फाची पहार घ्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा दंडक असा की चालत जायला नवा, स्वच्छ बर्फ किमान ४ इंच हवा; पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरा. पहार मारत पुढे सरकायचं आणि ठरावीक अंतराने भोक पाडून जाडी मोजायची. गळ्यात, पाण्यात पडलात तर बर्फात रोवून बाहेर यायचे टोकदार सुळे आणि अंगात तरंगतं जॅकेट, यांशिवाय जाऊ नका. एकट्याने तर नकोच.

भोक पाडताना पाय फाकवून उभे राहा, ट्रिगर हळू दाबा, पाती बर्फात बसू द्या, मग वेग वाढवा. वरून रेटा देऊ नका. धार असेल तर ऑगर आपल्या वजनाने उतरतो. रेटावं लागतंय म्हणजे धार गेलीय. कोरडा कीस बाहेर पडतोय तोवर सगळं ठीक. शेवटचे दोन इंच सगळ्यात वाईट. पाणी लागतं, पाती खालच्या कडेत अडकतात आणि हिसका तिथेच बसतो. तेव्हा पकड घट्ट, रेटा शून्य आणि ट्रिगर एकसारखा दाबलेला. आरपार गेल्यावर फिरवत फिरवतच लगदा एकदा वर आणा, पाण्याने भरलेला ऑगर पुन्हा पुन्हा उपसू नका. मोटर त्यानेच तापते. वास आला किंवा ड्रिल आपोआप थांबलं, तर पाचेक मिनिटं थांबा, तोवर झारीने भोक साफ करा. ऑगरवर चिकटलेला बर्फ पात्यांच्या बाजूने बर्फावर आपटून झाडू नका. एक आपट आणि पात्याचा कोन बिघडतो, मग नवं ड्रिल आणलं तरी भोक पडत नाही.

घरी आल्यावर गार ड्रिलवर दमट हवेचं पाणी साचतं, आतसुद्धा. म्हणून बॅटरी काढा, ड्रिल पिशवीतून बाहेर काढून काही तास तसंच राहू द्या, मगच चार्जिंगचं बघा. पाती पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, टोपण लावा. हंगाम संपला की पॅक पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा करून ठेवू नका. अर्धा भरलेला, कोरड्या आणि थंड जागी, ड्रिलपासून वेगळा काढून ठेवा.